बांबूवरचा मोबाइल

साडूंचं वाईट व्हावं असं मला कधीच वाटलं नाही. फक्त त्यांच्याकडे मोबाइल आहे आणि माझ्याकडे नाही, एवढं एकच मला सहन होत नव्हतं.

पर्वत पाटियाच्या कापडबाजारात साड्यांची दलाली करणारे आमचे साडू वसंतराव जेवतानाही मोबाइल ताटाशेजारी, सगळ्यांना दिसेल असा ठेवायचे. माझा घास घशाखाली उतरेना! शेवटी मीही घेतला. (बायको अजून त्यावर बोलते.)

पण आमच्या भेस्तानच्या घरात रेंजच येईना. गच्चीवर जाऊन हात उंच केला की एक काडी यायची, कानाशी आणला की जायची. बॅटरी वाचावी म्हणून मी तो बहुतेक बंदच ठेवायचो.

तरीही उत्तरायणाला पतंग उडवायला वसंतरावांना मुद्दाम आमच्या गच्चीवर बोलावलं. धुळ्याच्या मेहुण्याला बजावलं, "चारला बूथवरून फोन लाव. त्यांच्यादेखत वाजला पाहिजे!" अँटेना उंच केली की टीव्ही स्वच्छ दिसतो, हे शास्त्र मला ठाऊक होतंच. मोबाइल रुमालात गुंडाळून बांबूच्या टोकाला बांधला आणि बांबू उभा केला.

चारला तो खणखणला! आजूबाजूच्या गच्च्या बघायला लागल्या.

"पाटीलभाई, फोन वागे छे! उपाडो ने!" शेजारचे जयंतीभाई ओरडले. वाजतोय तर उचला म्हणे!

मी ऐटीत बांबू उतरवला. मोबाइल गप्प. वर केला. वाजला! उतरवला. गप्प! प्रत्येक वेळी समोरच्या गच्चीवरून पतंग कापल्यावर देतात ती आरोळी, "काइपो छे!"

"अहो, टाकीवर चढा!" बायकोनं बांबू धरला. मी टाकीवर चढून काठीनं बटण दाबलं. नेमकं फोन बंद करायचं!

तेवढ्यात वसंतरावांच्या खिशात वाजलं. (त्यांची कंपनी वेगळी. रेंजही वेगळी!) "हो, आहेत ना. टाकीवर आहेत, देतो," म्हणत त्यांनी मोबाइल वर केला. "घ्या साडूभाऊ, मेहुणा आहे. तुमचा लागत नाही म्हणतो."

नाइलाजानं घेतला. एसटीडीवर ओरडूनच बोलायची मेहुण्याची सवय. त्यात या मेल्या मोबाइलमधून आवाज इतका खणखणीत, की अख्ख्या गच्चीनं ऐकला.

"भाऊजी, वाजला का तुमचा? वसंतराव जळले का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. वसंतराव हसत होते.

"जळतोय रे एक जण," मी म्हणालो, "पण तो टाकीवर उभा आहे!"