पूजा झालेली गाडी

“तू तिथूनच सांग. आता गाडीला हात नको लावू बा. पूजा झाली न.”

मालक हे सगळ्यांसमोर बोलले. मी बॉनेटखाली वाकलो होतो, हातात स्क्रूड्रायव्हर. तसाच सरळ झालो आणि शटरच्या बाहेर येऊन उभा राहिलो. 

दिलसुखनगरच्या मागच्या गल्लीतलं हे गॅरेज. रेसच्या गाड्या तयार व्हायच्या. मालक बरकतपुऱ्याचे, जुन्या मराठी शेतकरी घराण्यातले. मी डिप्लोमा करून आलो तेव्हा माझं मराठी ऐकून खूश झाले. हैदराबादेत आपल्या भाषेचा पोरगा मिळाला म्हणून डबा खाताना शेजारी बसवायचे. मग आई आजारी पडली तेव्हा विचारपूस करायला घरी आले. दारावरची निळी पताका पाहिली आणि पाणी न पिताच उठले. त्यानंतर डबा शेजारी उघडला नाही. उघड कोणी काही बोललं नाही, कारण उघड आता कोण बोलतं?

दुसऱ्या दिवशी रेस होती. मालकांचा मुलगा निखिल गाडी चालवणार होता. इंजिनाला जादा जोर मिळावा म्हणून नायट्रस गॅसची बाटली बसवायची होती. हा गॅस सुटला की पेट्रोलही जास्त लागतं. पेट्रोलचा दाब पडला आणि गॅस चालूच राहिला, तर इंजिन आतून वितळतं, कधी पेटही घेतं. म्हणून एक स्विच असतो. दाब पडला की तो गॅस तोडतो. स्विच लावून झाला होता, तपासायचा राहिला होता. तेवढ्यात भटजी आले. हळदकुंकू, नारळ, चाकांखाली लिंबं.

आता मी बाहेरून सांगायचं आणि आमच्या वायरिंगवाल्या यादगिरीनं आत करायचं. बाटली भरून उशिरा आली होती, तिची पूजा राहिली होती. ती माझ्या पायाशी. यादगिरीनं इंजिन चालू केलं, स्विचला दिवा जोडला, पेट्रोलचा दाब हळूहळू उतरवला. दिवा विझायला हवा होता.

“बत्ती जलरी भाई,” यादगिरी म्हणाला.

मालक हसले. दिवा तेवत राहिला म्हणजे शुभच झालं, म्हणाले, चढवा बाटली. मी सांगितलं की स्विच गॅस तोडत नाहीये, मला एकदा हात घालू द्या. तर म्हणाले, पुन्हा पूजा घालायला भटजी कुठून आणू? निखिल हेल्मेट पुसत होता. त्यानं मला कधी वाईट वागवलं नव्हतं. तो हेल्मेटच पुसत राहिला.

मी पुरता अडकलो. निघून जावं तर निखिल जिवाला मुकेल. थांबावं तर बाहेर उभं राहून यांची गाडी नीट करून द्यायची. आईची औषधं याच पगारावर. वडील मराठवाड्यातलं गाव सोडून आले ते असं बाहेर उभं राहणं नको म्हणून. आणि मी शिकूनसवरून तिथंच. मला स्वतःची किळस आली.

मी बाटली उचलली.

“स्विच मी माझ्या हातानं तपासणार, आत येऊन. तोवर ही गाडीत जाणार नाही.”

मालकांनी आधी समजावलं. मग जात काढली. आवाज न चढवता, सहज. आणि म्हणाले, बाटली ठेव आणि नीघ.

मी गल्लीच्या मधोमध गेलो आणि बाटलीचा वॉल्व्ह उघडला. कानठळ्या बसवणारा आवाज, पांढरा धूर. लोक दुकानांतून बाहेर आले. मला धरायला कोणी पुढं आलं नाही. बाटली रिकामी झाली तशी ती ठेवून मी निघालो.

गाडी गॅसशिवाय धावली आणि हरली. माझ्यामुळं हरली, असं ते अजून सांगतात. खरं आहे. हरवली मी.

आता दुसरीकडे आहे. पगार कमी. पूजा तिथंही होते. गाडी आली की मी पहिल्यांदा सांगतो, पूजेनंतर शेवटची तपासणी माझी, आत येऊन, माझ्या हातानं. चालत नसेल तर गाडी घेऊन जा. काहीजण घेऊन जातात. जाऊ देत. मी बाहेर उभा राहणार नाही.