एमुलेटरला लावलेली हरकतीची नोटीस

ये गं सुमे, अशी जवळ बैस. आत्याकडे वर्षाने उगवलीस आणि वर मलाच सांगतेस, ‘लायसन्स कोण वाचतं, ओके दाबून मोकळं व्हायचं’? मीही तशीच होते. ऐक.

आमच्या टीम लीडचा, निखिलचा, पुण्याहून फोन आला. “काकू, तुमचं पॅकेज रिजेक्ट झालंय.”

आमची टीम लिनक्सची एक डिस्ट्रिब्युशन चालवते. म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी सिस्टिम आणि तिच्यासोबत प्रोग्रॅमचं मोठं भांडार. प्रोग्रॅम नीट बांधून त्या भांडारात ठेवायचा, हे पॅकेजिंग. नेवाशात टायपिंग क्लास चालवता चालवता, चुका करत मी हे शिकले.

या वेळचं पॅकेज एमुलेटरचं होतं. नव्या कॉम्प्युटरला जुन्याचं सोंग घ्यायला लावतो तो एमुलेटर. हवा होता माझ्या मैत्रिणीला. शैला तिसगावला शिक्षिका. पोरांसाठी पाढ्यांचे खेळ तिने कधीकाळी स्वतः लिहिलेले, आणि ते चालवणारं जुनं मशीन बंद पडलं. शाळेच्या लॅबमध्ये आमचीच सिस्टिम, पण भांडारात असेल तेवढंच टाकायची मुभा. आमच्या सिस्टिमच्या नव्या आवृत्तीत नवं पॅकेज घालायची मुदत महिन्यावर. ती हुकली तर पुढची दोन वर्षांनी, आणि शैला तर यंदाच रिटायर!

“रिजेक्ट का रे?”

“लायसन्समध्ये एक ओळ आहे. विकायला मनाई.”

“आपण कुठं विकतो?”

“आपण नाही. पण उद्या कुणी आपली सिस्टिम पेनड्राइव्हवर भरून विकली, तर त्याला आडकाठी नको, हा आपला नियम. ओळ वाचली नव्हती का, काकू?”

मी तेव्हा कुठं ती फाईल उघडली.

ती ओळ काढायची तर कोड लिहिणाऱ्या सगळ्यांची परवानगी लागते. सातबाऱ्यावर चार नावं असली की चौघांच्या सह्या लागतात, तसंच. इथंही चौघंच होते, चार देशांतले. तिघांनी आठवड्यात होकार कळवला. चौथा गप्प.

मग मी डोकं चालवलं. तलाठी फेरफाराची नोटीस लावतो बघ, पंधरा दिवसांत हरकत आली नाही की नोंद मंजूर? तशीच नोटीस मी इंग्रजीत लिहिली, प्रोजेक्टच्या पानावर लावली, चौथ्याला मेलही केली. सोळाव्या दिवशी पॅकेज पाठवलं. वर शेरा : ‘हरकत प्राप्त नाही.’

निखिल फोनवर हसत सुटला. “काकू, ही काय चावडी आहे? कॉपीराइटमध्ये गप्प बसलेल्याचा होकार धरत नाहीत!”

“मग त्याचा तुकडाच काढते. काय लिहिलंय त्याने?”

“फक्त आवाजाचा भाग.”

मी शैलाला फोन लावला. “आवाजाबिगर चालतील का गं तुझे खेळ?”

“अगं, चाळीस पोरं हायेत वर्गात. आवाज कमी पडतोय व्हय?”

तीन दिवस खपून तो भाग उपसून काढला. मुदतीच्या आदल्या दिवशी पॅकेज भांडारात गेलं. शैलाच्या लॅबमध्ये स्क्रीन मुकी आणि पोरं तेराच्या पाढ्यावर ओरडतायत, असा व्हिडिओ आला.

आठवड्याने चौथ्याचं उत्तर आलं : सुट्टीवर होतो, माझी हरकत नाही.

“आवाज परत घालू का गं?” मी शैलाला विचारलं.

“खबरदार! शेजारचे गुरुजी आधीच भांडायला आलेत.”

तर सुमे, हल्ली मी लायसन्सची फाईल आधी उघडते आणि चहा नंतर ठेवते. जाऊ दे. आता पुन्हा वर्ष लावू नकोस. येत्या रविवारीच ये, आणि मुक्कामाला ये.