सासूबाईंचा उखाणा

अर्धांगवायूच्या झटक्यात सासूबाईंचे शब्दच गेले. पाणी हवं असलं तरी तांब्याकडं बोट दाखवायच्या आणि बोलता येईना म्हणून रडायच्या. क्रांती चौकातले डॉक्टर म्हणाले होते, पाठ असलेलं काही म्हणवून घ्या. आरती झाली, पाढे झाले. नुसते ओठ हलले.

एका दुपारी मला त्यांचा उखाणा आठवला. देवगावला हळदीकुंकवात त्या स्वतः जुळवलेला म्हणायच्या. मी सुरुवात केली, "रानातल्या बाभळीला पिवळी पिवळी फुलं..." आणि थांबले. पुढं सासऱ्यांचं नाव होतं, सून ते कशी घेणार?

सासूबाई माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग सावकाश, नावासकट ओळ आली, "...रावांच्या जिवावर शिकली माझी मुलं."

सासरे दारातच थबकले. "लई दिवसांनी नाव घेतलं माझं," एवढंच म्हणाले.

कॉलेजात मी यमक शिकवते, म्हणजे शेवटच्या अक्षरांचं जुळणं. 'फुलं' कानावर पडलं की मन 'मुलं'ची वाट बघू लागतं, हे मात्र मला त्या दुपारी दिसलं. त्या वाट बघण्यानंच त्यांना शब्दापर्यंत नेलं होतं.

मग आम्ही रोज ओळी जुळवू लागलो. मी 'पहा'वर थांबले, की त्या हसून 'चहा' म्हणायच्या.