प्रल्हादकाका न बोललेलं वाक्य

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. आई गेली, तिलाही कधी कळलं नाही. आणि बाबा — ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं — त्यांच्यापाशी तर मी अजूनही गप्पच आहे. मग तुम्हाला का सांगते आहे? कदाचित तुम्ही माझ्या समोर बसलेले नाही म्हणून. समोर माणूस असला की माझी जीभ टाळ्याला चिकटते, हे मी स्वतःवर बऱ्याचदा तपासून पाहिलंय.

बुलढाण्यात माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. दाखले, परीक्षेचे अर्ज, पॅन कार्ड, गाड्यांचे इन्शुरन्स. परवा एक शिक्षक आले. मोटरसायकलची पॉलिसी संपत आली होती. मोबाइलवर चार कंपन्यांचे भाव काढून आणले होते आणि त्यातला सगळ्यात कमी कुठला ते मला दाखवून त्यांना शाबासकी हवी होती. मी म्हणाले, सर, कमी का आहे ते आधी बघा. फक्त थर्ड पार्टी आहे की फुल आहे? चोरी झाली तर मिळणार आहे का? आणि मागच्या वर्षी क्लेम घेतला असेल तर तो लपवू नका. सर हसले. म्हणाले, मॅडम, तुम्ही तर अगदी पोळल्यासारख्या बोलता.

पोळले तर आहेच. पण माझ्यापेक्षा दुसरेच जास्त पोळले. ते सांगायचं म्हणजे आधी प्रल्हादकाका सांगायला हवेत.

आम्ही देऊळघाटचे. बाबा गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होते. डॉक्टर साहेब आठवड्यातून जेमतेम दोनदा यायचे, त्यामुळे खेड्यापाड्यांत सगळे बाबांनाच डॉक्टर म्हणत. धाडच्या प्रल्हादकाकांची गाय एकदा विताना अडली. बाबा भर पावसात गेले, गाय आणि वासरू दोन्ही वाचवलं, आणि तिथून ही मैत्री लागली. काका शेती करत आणि जोडीला गाड्यांचे विमे काढून देत. त्यांचं ऑफिस म्हणजे धाडच्या बाजारात एका पंक्चरवाल्याच्या पत्र्याखालची खुर्ची. ते फक्त बाजाराच्या दिवशी उघडं, कारण माणसं आणि गाड्या त्याच दिवशी गावात.

त्यांची एक पद्धत होती. गाडी स्वतः चालवून पाहिल्याशिवाय ते पॉलिसीला हात लावत नसत. कंपनीला याची काही गरज नव्हती. पण काका किल्ली मागून घेणार, हॉर्न वाजवणार, ब्रेक दाबणार, बाजाराला एक चक्कर मारून येणार आणि म्हणणार — डॉक्टर, तब्येत बरी आहे गाडीची, फक्त मागचं टायर म्हातारं झालंय. ते बदला, मग कागद करू. लोक वैतागायचे. पण टायर बदलायचे.

आमच्या लाल मोटरसायकलची मुदत हिवाळ्यात संपायची. त्या दिवसाला काका गाडीचा वाढदिवस म्हणत. मी लहानपणी टाकीवर बसून जायचे, मोठी झाल्यावर मागे. काका लांबूनच बाबांना 'जयभीम डॉक्टर' म्हणायचे — बाबांच्या आधी, आणि आख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं. मग चहा, भजी, मला गोडी शेवेचा पुडा. हे होईपर्यंत इन्शुरन्सचा विषय काढायचा नाही. दुपारी त्यांच्या घरी जेवण. आतल्या खोलीत, त्यांच्या पंगतीत, काकूंच्या हातची गरम भाकरी. आता तुम्हाला यात विशेष वाटणार नाही. पण बाबांच्या पिढीला असं ताट सगळीकडे वाढलं जात नव्हतं. बाबा कधी बोलले नाहीत, पण धाडहून परतताना ते गुणगुणायचे. एरवी मी त्यांना गुणगुणताना ऐकलेलं नाही.

गाडी चालवायला मला काकांनीच शिकवलं. बाबांचा धीर होत नव्हता. बाजार उठल्यावर रिकाम्या मैदानात काका माझ्या शेजारून धावत होते, धोतराचा सोगा हातात धरून, आणि ओरडत होते की क्लच सोड, भिऊ नको, इन्शुरन्स माह्याकडंच आहे. बाबा लांब उभे राहून डोळे मिटून घ्यायचे. किती हसलो होतो आम्ही त्या दिवशी.

बघा, मी पुन्हा धाडच्या बाजारातच रमले. दर वेळी हे असंच होतं — तिथपर्यंत आठवणी कशा सरळ येतात, आणि पुढे पाय उचलत नाही.

त्याला नऊ-दहा वर्षं झाली. मी बुलढाण्यात एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला लागले होते. नवी नोकरी, नवा मोबाइल, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं ही समजूत. त्या वर्षी बाबांचा गुडघा सुजला होता. गाडी मीच वापरायचे. मुदत संपत आली तसे बाबांनी पैसे दिले आणि म्हणाले, धाडला जाऊन काकांकडून पॉलिसी घेऊन ये. आदल्या वर्षी एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं गाडीला घासलं होतं, काकांनी धावपळ करून क्लेम मिळवून दिला होता. क्लेम घेतला की सवलत जाते, हप्ता वाढतो. काकांनी तसं आधीच सांगून ठेवलं होतं.

मी रात्रभर — नाही, खोटं कशाला, दहा-पंधरा मिनिटं — मोबाइलवर भाव बघितले. एका ठिकाणी खूपच स्वस्त दिसत होतं. फक्त एक प्रश्न होता: मागच्या वर्षी क्लेम घेतला होता का? मी 'हो' दाबलं. आकडा वर गेला. मग 'नाही' दाबलं. आकडा धपकन खाली आला. मला हसू आलं. एवढंच? कोण बघायला येतंय?

सकाळी धाडला जाते म्हणून निघाले आणि गाडी बुलढाण्याकडे घेतली. दुकानात बसून 'नाही' वर पॉलिसी काढली, प्रिंट मारली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि संध्याकाळी बाबांच्या हातात दिली. काकांनी दिली म्हणून. कागद इंग्रजीत होता, बाबांनी मान डोलावली. काय म्हणाले काका, गाडी चालवून बघितली का, असं विचारलं. मी म्हणाले, हो, टायर चांगलं आहे म्हणाले. उरलेल्या पैशांचं मी काय केलं, ते मला आज आठवतसुद्धा नाही.

खरं का नाही सांगितलं? ऑनलाइन स्वस्त मिळतं म्हणाले असते तर बाबांनी ऐकून घेतलं असतं आणि मग म्हणाले असते, असू दे, प्रल्हादरावाकडूनच काढ. मला ते ऐकायचं नव्हतं. माझी हुशारी वाया गेली असती.

दोनच दिवसांनी माझ्या मोबाइलवर काकांचा फोन आला. गाडीचा वाढदिवस विसरलात की काय? मी म्हणाले, बाबा म्हणाले यंदा ऑनलाइन काढू, स्वस्त पडतं. बाबा असं काहीच म्हणाले नव्हते. पलीकडून काका मग म्हणाले, बरं, निघाली ना पॉलिसी, मग काही हरकत नाही. डॉक्टरांचा गुडघा कसा आहे?

ते वाक्य मी बाबांच्या तोंडी घातलं. पण ते धाकटं खोटं. मोठं पुढे आहे.

दीड-दोन महिन्यांनी दुकानासमोरून गाडी चोरीला गेली. पोलिसांत तक्रार झाली, क्लेम टाकला. कंपनीनं जुन्या कंपनीकडे चौकशी केली आणि क्लेम नाकारला. माहिती खोटी दिली, हे कारण. ते माझ्या मोबाइलवर आलं. मी ते पुसून टाकलं.

बाबांना सांगितलं की कंपनी देत नाही म्हणते. ते म्हणाले, काकाले फोन लाव, तो बघन काय करायचं ते. बरोबरच होतं. ट्रॉलीच्या वेळी काकांनीच बघितलं होतं. आता? फोन लावला असता तर एका मिनिटात सगळं उघडं पडलं असतं. मी मोबाइल घेऊन अंगणात गेले. पेरूच्या झाडाखाली उभी राहिले. कोणालाही फोन केला नाही. परत आत आले आणि म्हणाले —

"काका म्हणाले, माझं काम पॉलिसी काढून द्यायचं होतं. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

मी इतकं पक्कं वाक्य कुठून आणलं? मला आधी सुचलेलं नव्हतं. तोंडातून तयार निघालं. आणि एकदा निघाल्यावर परत घ्यायला अख्खी संध्याकाळ होती. आई स्वयंपाक करत होती, बाबा खाटेवर बसले होते. मी घेतलं नाही.

बाबांनी एकदाच विचारलं, "असं म्हणला प्रल्हाद?"

मी हो म्हणाले.

त्यांनी भिंतीकडे बघत पाय वर घेतले. मला नव्हे, स्वतःशीच बोलले, "शेवटी त्यानंबी दाखवलंच."

तुम्हाला कळलं ना, ते काय म्हणत होते? ज्या माणसाच्या घरी ते आतल्या खोलीत बसून जेवले, त्याच्याबद्दल लोक काय बोलतात ते त्यांनी आयुष्यभर कानाआड केलं होतं. असल्या लोकांचं सगळं वरवरचं असतं, असं त्यांना सांगणारे आमच्याच वस्तीत कमी नव्हते. बाबा हसून सोडून द्यायचे. त्या संध्याकाळी मी त्यांना त्या लोकांच्या बाजूला बसवलं.

बाबा भांडायला गेले असते तर बरं झालं असतं. पण आमच्याकडे माणूस मनातून उतरला की भांडत नाहीत, जाणं बंद करतात. बाबांनी धाडचा बाजार सोडला. दुसरी गाडीही घेतली नाही. काकांच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली, ती बुद्धमूर्तीच्या, देव्हाऱ्यासारख्या जपलेल्या कोनाड्यात काही दिवस राहिली, पण कोणी गेलं नाही. माझ्या लग्नात मी काकांचं नाव यादीत घातलं. बाबा म्हणाले, राहू दे.

काकांनी तरी का विचारलं नाही? एकदा विचारलं. बुलढाण्याच्या स्टँडवर भेटले होते, पाठीत वाकले होते. "डॉक्टर रागावले काय व माह्यावर?" किती सोपा प्रश्न होता. बसला अजून वेळ होता, आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं. मी म्हणाले, नाही हो काका, गुडघ्यामुळे कुठं जात नाहीत. त्यांनी मान हलवली आणि मला गोडी शेव घेऊन दिली. माझ्या मुलीसाठी.

गेल्या वर्षी काका गेले. बातमी धाडहून आलेल्या एका जीपवाल्यानं सांगितली. बाबा दिवसभर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावलं. गुडघ्यानं त्यांना आता खरंच जाता येत नव्हतं.

"तू जाय. त्याच्या घरच्याइले सांग, डॉक्टरच्या मनात काही राह्यलं नाही. म्या माफ केलं म्हणाव."

तेव्हा तरी बोलायचं ना? बाबा समोर होते, काका गेले होते, आता कोणाचं काय बिघडणार होतं? माझं बिघडणार होतं. मी पर्स उचलली आणि स्कूटी काढली.

काकू आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं, जवळ घेतलं, रडल्या. मी बाबांचा निरोप सांगितला. शब्द न शब्द, अगदी प्रामाणिकपणे.

"कायचं माफ, माय?" त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, काही नाही, गाडीच्या इन्शुरन्सचं होतं जुनं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. आठ-नऊ वर्षं नवरा बाजाराच्या दिवशी रस्त्याकडे का बघत बसायचा, ते त्यांना आत्ता कळलं असावं. म्हणजे चुकीचं कळलं. त्यांनी मुलाकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. "पैशे खाल्ले काय त्याह्यनं तुमचे?"

मी नाही म्हणाले नाही. मी खाली बघितलं.

काकूंनी पदर सावरला आणि मला हात जोडले. त्यांच्याहून निम्म्या वयाच्या मला. म्हणाल्या, डॉक्टरले सांगजो, त्याह्यच्या वतीनं मीच हात जोडते. खोलीत शेजारपाजारच्या बायका होत्या, मुलगा होता, सून होती. सगळ्यांनी ऐकलं. मी ते जोडलेले हात धरले आणि खाली केले, आणि निघून आले.

घरी बाबा ओट्यावर वाट बघत होते. मी सांगितलं, काकूंनी हात जोडले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा नीट टेकून बसले.

"म्हंजे कबूल केलं त्याह्यनं," बाबा म्हणाले. "मंग झालं. चूक कबूल केली की माणूस मोकळा होते."

मी हो म्हणाले, आणि त्यांना जेवायला वाढलं.