सटवाईपुढची मांडी

झुंबरबाई सहादेव गर्जे. जन्म १९८८, मृत्यू २०२४. पाथर्डी तालुक्यातील डोंगरालगतच्या एका वाडीच्या त्या पाच वर्षे सरपंच होत्या. अपत्ये, कागदोपत्री, दोन.

पद महिलांसाठी राखीव झाले, तेव्हा घरच्यांनी त्यांना उभे केले ते सहीपुरते. बाई मात्र सहीपुरत्या राहिल्या नाहीत. त्यांचे थोरले मूल ऊसतोडीला जाताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जन्मले होते. गावात बाळंतपणाची एक खोली आणि एक नर्स असावी, एवढेच तेव्हापासून त्यांच्या मनाने घेतले होते. खोलीचे बांधकाम जोत्यापर्यंत आले आणि बाईंना तिसऱ्यांदा दिवस गेले.

दोनांहून अधिक अपत्ये झाली की पद जाते, असा नियम. तो पुरुषालाही लागू आहे. पण पुरुषाचे पोट दिसत नाही. मूल दत्तक दिले तरी जन्म मोजला जातो. आणि पद गेले असते, तर विरोधी गटाच्या अजिनाथने त्या जोत्यावर गोठा बांधला असता, हे सारे गाव जाणून होते.

"खाली करून घे," सहादेव म्हणाले.

"खोलीबी माझी, लेकरूबी माझं. एकबी सोडनार न्हाई."

वाट काढली ती सासूबाईंनी, छबूबाईंनी. धाकटी जाऊ रतनबाई हिची कूस उजवली नव्हती. दिवाळीपर्यंत पोट पदराआड झाकून, मग रजेचा अर्ज देऊन झुंबरबाई घरच्यांबरोबर सांगलीकडे निघाल्या; गावची टोळी टाळून परक्या टोळीत ऊस तोडायला. तिथेच पाचटाच्या झोपडीवजा कोपीत मुलगी झाली. ती रतनबाईंची म्हणून नोंदवली गेली.

तेवढ्यावर थांबले असते, तर कदाचित निभले असते. परंतु पाचवीला सटवाई बाळाचे भाग्य लिहायला येते, आणि तेव्हा पाटा-वरवंट्यापुढे बाळाला मांडीवर घेऊन आईने बसायचे असते. छबूबाईंनी तिथेही रतनबाईंनाच बसवले.

"मानसं फशिवली, आता देवीलाबी तेच सांगू. खोटं कसं पक्कं पायजे!" त्या दाराशी बसलेल्या झुंबरबाईंकडे वळल्या. "तू इकडं बघू नगंस."

झुंबरबाईंनी पाहिले नाही. पण देवी आत येऊन, रतनबाईंच्या मांडीपाशी थबकून, आपल्याला शोधत माघारी फिरली, असे त्यांना वाटले ते कायमचे.

सव्वीस जानेवारीला त्या रतनबाईंना घेऊन झेंड्यासाठी गावी परतल्या. दोरी हातात घेतली आणि गर्दीत रतनबाईंच्या छातीशी धरलेले बाळ रडले. पान्हा फुटला. झंपर भिजला. बाईंनी पदर ओढून घेतला.

"सरपंचबाई, थंडी वाजती व्हय?" अजिनाथ हसला. "खुर्ची मानवली तुमाला! अंग भरलंय."

"तुमी बी बसा की कवातरी. निवडून आल्यावर," बाई म्हणाल्या. लोक हसले. झेंडा वर गेला.

खोली पुरी झाली. लेकीबाळी तिथे सुखरूप मोकळ्या होऊ लागल्या. पण खोली रिकामी असतानाही बाईंना आतून तान्ह्याचे रडणे ऐकू येई. त्या कुलूप काढून पाहत. आत पलंग आणि धुतलेली चादर. घरी ती मुलगी, राजनंदिनी, त्यांना 'मोठी' म्हणे आणि रतनबाईंच्या कुशीत झोपे.

मुदत संपल्यावर एकदा त्या जावेला म्हणाल्या, "रतन, एकदा पाचवी मांडू. मी बसते."

"आक्का, जीव मागा. पोरगी नगा मागू."

"पोरगी कुटं मागते? घडीभर तिला मांडीवर मागते."

रतनबाई उठून भाकरी थापायला गेल्या. पुन्हा तो विषय निघाला नाही. पुढे काविळीने झुंबरबाई गेल्या.

खोली चालू आहे. कोनशिलेवर त्यांचे नाव आहे. मुलीच्या दाखल्यावर आई म्हणून रतनबाई आहेत, आणि तसेच राहील. कायद्याचे कुणाकडे काही राहिलेले नाही.

तेरावा उरकल्यावर, दिवेलागणीला, रतनबाईंनी पाटा-वरवंटा धुऊन हळदीकुंकू लावले. समोर पाट मांडला, त्यावर झुंबरबाईंचे लुगडे अंथरले आणि सहा वर्षांच्या राजनंदिनीला त्यावर बसवले.

"आई, हे तर मोठीचं हाय. कोन येनारे?"

"गप बस. हलू नगं."

पोर हलली नाही. वात फडफडू लागली, तेव्हा रतनबाईंनी दिव्यात पुन्हा तेल घातले.