चंद्रव्वाच्या वाट्याचं लोणी

सोलापुरात बाळीवेशीत कुणालाही विचारा, कडक भाकरी घ्यावी कुणाची? लगेच बोट चंद्रव्वाच्या दाराकडे जायचं. बाहत्तरच्या दुष्काळात रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी भल्याभल्या सुगरणींच्या हातात फाटायची, तेव्हा या बाईनं तिचीही पातळ भाकरी थापून दाखवली होती. आणि अशा बाईला तीन-चार वर्षांनी डॉक्टरनं सांगितलं, भाकरी सोड!

झालं होतं असं, की चंद्रव्वाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि अंगात साखर चढली होती. साखर उतरल्याशिवाय डोळ्यांचे डॉक्टर सुरीला हात लावायला तयार नव्हते. आणि डोळे नसले तर तवा कसला आणि भाकरी कसली! म्हणून सून शिवम्मा तिला हाताला धरून हत्तुरे डॉक्टरांकडे घेऊन गेली. कंपाउंडर तिप्पण्णानं नळीत निळं औषध घेतलं, त्यात लघवीचे थेंब सोडले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. साखर नसेल तर रंग निळाच राहतो. चंद्रव्वाची नळी उकळली आणि थेट विटकरी झाली.

"नळी निळी कर, मग डोळ्यांचं बघू," डॉक्टर म्हणाले. "गोळी रोज घ्यायची. भात, गूळ, साखर बंद. भाकरी जेवताना चतकोर, बास."

"डाक्टर, माजा धंदा भाकरीचा, आन् मी खाऊ काय? दगड?"

"लोणी खा. तूप खा. शेंगाचटणीवर तेल ओतून घे. मेथी, वांगी, दही खा पोटभर."

"लोणी?" चंद्रव्वा बाकावरून उठलीच. "शिवम्मा, ऐकलंस की! लोणी खा म्हनत्यात!"

तिला हर्ष होणारच. त्या घरात लोण्याची एक रीत होती. आधी देवाला, मग पुरुषांना, मग जावयाला, मग आल्यागेल्याला. बायकांच्या वाट्याला यायची ती रवी, चाटून धुवायला. चंद्रव्वाच्या सासूनं हेच केलं, चंद्रव्वानंही तेच चालवलं. आता या वयात डॉक्टर तिला पहिला मान देत होता!

गल्लीत मात्र गहजब उडाला. साखरेच्या आजाराला तूप-तेल म्हणजे विष, हे तर सगळ्यांना पाठ. शेजारची काशम्मा म्हणाली, "डाक्टरचंच डोकं फिरलंय." पण चंद्रव्वा कुणाच्या बापाला ऐकते! शिवम्माचं माहेर मैंदर्गीचं, घरी म्हशी. भाऊ बाजाराच्या दिवशी एसटीनं लोण्याचं गाडगं आणून द्यायचा. चतकोर भाकरीवर लिंबाएवढा गोळा ठेवून चंद्रव्वा जेवायला बसली, की शेजारणी दारात उभ्या राहून बघायच्या.

पुढच्या सोमवारी सगळी गल्लीच दवाखान्यात लोटली. नळी उकळली. विटकरी!

त्याच्या पुढच्या सोमवारीही विटकरी. काशम्माला तर हर्षवायू व्हायचा बाकी. डॉक्टर चिडले. "चंद्रव्वा, चोरून काय खातेस?"

तिनं गळ्यातल्या लिंगाला हात लावला. "शिवाशपथ! चतकोराच्या वर भाकरी शिवली न्हाय."

आणि ती खोटं बोलत नव्हती, हीच तर गंमत. तिसऱ्या सोमवारी तिप्पण्णा नळी तापवत होता, सगळे श्वास रोखून बसले होते आणि त्या शांततेत आवाज आला, कर्रम कर्रम. डॉक्टरांनी मान वळवली. चंद्रव्वा पदराच्या गाठीतून काहीतरी काढून चावत होती.

"ते काय आहे?"

"हे व्हय? तुकडं हायत."

"कसले तुकडे?"

"मोडक्या कडक भाकरीचं. त्यात काय ऱ्हातंय डाक्टर? समदा कस चुलीनं ओढून घेतलेला असतोय. आन् तुकडा मंजी काय जेवन हाय का?"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला आणि हसता हसता खुर्चीत मागं कलले. मग शिवम्माकडून सगळं कळलं. दिसत नाही म्हणून भाकरी करपायची, उलटताना मोडायची. मोडकी भाकरी गिऱ्हाईक घेत नाही आणि अन्न टाकायचं तर पाप. म्हणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुकडे चंद्रव्वाच्या तोंडात. जितके डोळे अधू, तितके तुकडे जास्त, आणि जितके तुकडे जास्त, तितकी साखर वर. "अगं, वाळून फक्त पाणी जातं, ज्वारी कुठं जाते?" डॉक्टर म्हणाले.

त्या दिवसापासून तुकडे गल्लीतल्या गाईला. तोंड चाळवलं की मूठभर शेंगदाणे, नाहीतर लोण्याचं बोट. चंद्रव्वाला जड गेलं, लई जड गेलं, पण डोळ्यांसाठी सगळं गोड. नळी आधी नारिंगी झाली, मग पिवळी, मग हिरवी. सोमवार आला की गल्लीत पैजा लागायच्या. आणि एका सोमवारी तिप्पण्णा दवाखान्याच्या पायरीवर येऊन ओरडला, "निळीऽऽ! निळीच ऱ्हायली!"

चंद्रव्वाला रंग दिसत नव्हता. तिनं काशम्माचा दंड धरला. "तू सांग. तू माज्यासाटी खोटं बोलायची न्हाईस."

"निळी हाय गं बाई," काशम्मा म्हणाली आणि तिलाच रडू फुटलं.

ऑपरेशन झालं. पट्ट्या सुटल्या, जाड भिंगांचा चष्मा आला. घरी चुलीपुढं बसली त्या पहिल्याच सकाळी तिनं भाकऱ्यांची चळत रचली. एकही मोडली नाही. आनंदानं तिला काय करू नि काय नको असं झालं.

दुपारी शिवम्मानं तिच्या ताटात लोण्याचा गोळा वाढला आणि आपलं ताट घेऊन भिंतीशी बसली. चंद्रव्वानं सहज तिकडं पाहिलं. भाकरी आणि कोरडी चटणी.

"तुज्या ताटात लोणी कुटं हाय?"

"मला कशाला, अत्ती? तुमचं औषध हाय ते."

"तुज्या म्हायेरचं लोणी. तू कदी खाल्लंस?"

"लग्नाच्या आदी," शिवम्मा हसली.

चंद्रव्वाचा घास हातातच राहिला. ही पोर घरात आली तेव्हा मोतीबिंदूचा पत्ता नव्हता. ज्वारीतला खडा लांबून दिसायचा चंद्रव्वाला. हे ताटही तेव्हा रोज समोरच होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिनं गोळ्याचे दोन भाग केले, उठली आणि मोठा भाग सुनेच्या भाकरीवर ठेवला.

"अत्ती, ऱ्हाऊ द्या की…"

"गप. खा. मी बगतीया."