गाडीला हात कुणाचा

माझे बाबा काशीराम "मला वाटतं" असं कधी म्हणत नाहीत. त्यांना वाटत नाही, माहीतच असतं. कुठल्या फार्महाउसवर जास्वंद जगेल, कुठल्या पोराची नोकरी टिकेल, माझ्या होणाऱ्या सासरी आमटीत किती गूळ घालत असतील, सगळं ठाऊक. चीड याची येते, की बहुतेक वेळा त्यांचं खरं निघतं. मग ते माझ्याकडे बघतात आणि काही बोलत नाहीत. ते न बोलणंही चांगलं खणखणीत असतं.

पनवेलजवळ नेऱ्याला आमची नर्सरी आहे. झाडं, कुंड्या, लाल माती फार्महाउसवाल्यांकडे पोचवायला एक पिकअप आहे. ती बाबांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने, भगवानकाकाने, निम्मे निम्मे घालून घेतली. काका मांडववाला. सुकापूरला त्याचं गोडाऊन आहे, आणि बांबू, पडदे, खुर्च्या वाहायला त्यालाही गाडी लागते. त्यामुळे सोमवार ते गुरुवार गाडी आमची, पुढे रविवारपर्यंत काकाची. घरही एकच, खाली आम्ही आणि वर काका.

गाडी आजकालची आहे. इंजिनावर प्लास्टिकचं झाकण, खालून पत्रा, समोर स्क्रीन, आणि ऑइल बदलून किती किलोमीटर झाले त्याचा आकडा त्या स्क्रीनवर. "ही गाडी घरी खोलायची नसते," असं शोरूममधल्या मुलाने बाबांना सांगितलं आणि तिथेच त्याचं चुकलं. एखादी गोष्ट करायची नसते असं बाबांना सांगितलं, की ती झालीच म्हणून समजा. फुकटच्या सर्व्हिसिंग संपल्याबरोबर त्यांनी गाडीसोबत आलेलं जाडजूड पुस्तक माझ्याकडून वाचून घेतलं. मी वाचायचे, ते डोळे मिटून ऐकायचे आणि मधेच म्हणायचे, "हां, हे लिवनारा शाना हाय." ऑइल दर दहा हजारांना बदलायचं, इथपर्यंत आलो आणि ते उठलेच. "बास, कळलं," म्हणाले.

तेव्हापासून ऑइल बदलणं हा आमच्या अंगणातला सोहळाच आहे. आधी गाडी नेरे नाक्यापर्यंत जाऊन येते, कारण गरम ऑइल भराभर उतरतं. मग काकाच्या गोडाऊनमधला एखादा जुना फ्लेक्स अंथरायचा. त्यावर कुणीतरी भावी नगरसेवक हात जोडून उभे असतात, आणि बाबा त्यांच्या छातीवर पाठ टेकून गाडीखाली सरकतात. पत्रा काढायचा, घमेलं सरकवायचं, ऑइलचा बोल्ट पान्याने सैल करायचा आणि शेवटचे फेरे बोटांनी द्यायचे. मग नवा वायसर घालून बोल्ट बेतानेच आवळायचा, जास्त आवळला की त्याचे आटे जातात. मग नवा फिल्टर, त्याच्या रबरी रिंगेला बोटभर नवं ऑइल, वरून मापाने ऑइल, आणि पट्टी घालून पातळी बघायची. शेवटी चावी फिरवून स्टिअरिंगवरचं बटण दाबून धरलं की स्क्रीनवरचा आकडा शून्य होतो. अलीकडे तर बाबा घमेलं दाखवून शेजारपाजाऱ्यांना सांगायचे, "लोकांच्या गाडीतनं डांबर निगतं. आमच्या ऑइलमदी बघा, गाळ नाय. ह्या हाताचा गुन हाय हा!"

काकाही हे काम बाबांकडूनच शिकला. पण त्याच्या पहिल्याच खेपेला घोळ झाला. जुना फिल्टर काढताना त्याची रिंग इंजिनालाच चिकटून राहिली. काळ्यावर काळं, ते दिसलं नाही, आणि काकाने नवा फिल्टर नव्या रिंगेसकट त्यावरच बसवला. दोन रिंगा एकावर एक बसल्या की ऑइल धरत नाहीत. पेणला खुर्च्या घेऊन जाताना कर्नाळ्याजवळ सगळं ऑइल रस्त्यावर आलं. स्क्रीनवर ऑइलचा लाल दिवा लागताक्षणी काकाने गाडी बंद केली म्हणून इंजिन वाचलं. गाडी वेळेवर बंद केली, हे बाबांनी कधी जमेला धरलं नाही. दोन रिंगा तेवढ्या लक्षात ठेवल्या.

गेल्या वर्षी काकाच्या मुलाची, परेशची हळद होती. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठी. अख्खं गाव, व्याह्यांकडची माणसं, डीजे. मांडवाचा एक जोड सैल झाला म्हणून काका पाना मागत आला. बाबांच्या हातात तेव्हा पाहुण्यांची नावं पुकारायला दिलेला माईक होता. ते माईकवरूनच म्हणाले, "अरे, त्याला पाना देऊ नका रे! आमचा भगवान एका फिल्टरला दोन रिंगा लावतो. त्याच्या हाताला पाना कळत नाय, मांडव डोक्यावर यील!"

गाव हसलं. व्याही हसले. नवऱ्यामुलाचा बाप तो, मांडव त्याचा धंदा, आणि त्याच्याच दारात त्याच्या सख्ख्या भावाने हे बोलावं! कुणीतरी पाना आणेपर्यंत काका तो जोड हाताने दाबून धरून उभा होता. लग्न त्याने नीट पार पाडलं आणि बाबांशी बोलणं टाकलं. मी बाबांना तोंडावर सांगितलं, की तुम्ही चुकलात. ते म्हणाले, "खोटं काय बोललो?" मला इतका संताप आला की दोन दिवस मी त्यांच्या ताटात वाढलं नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने वाढून घेतलं, आणि नेहमीपेक्षा जास्तच जेवले.

तेव्हापासून गाडीची किल्ली माझ्या हातून वरखाली फिरायला लागली. दोघे भाऊ एका जिन्यावर समोरासमोर आले तरी भिंतीकडे बघायचे.

आता येत्या माघात माझं लग्न आहे. सख्खा काका मांडववाला असताना पुतणीच्या दारात परक्याचा मांडव उभा राहिला, तर गाव काय म्हणेल ते सोडा, मलाच तो मांडव बघवणार नाही. लहानपणी काकाच्या पडद्यांच्या ढिगावर झोपलेली मुलगी मी. मी वर जाऊन काकाला विचारलं. त्याचे डोळे भरून आले. "समीक्षा, तुज्यासाठी जीव दीन," तो म्हणाला. "पन त्या अंगनात माजी लाज गेली गो. तिथं आता मी उभा रानार नाय."

अशात दिवाळीनंतरच्या एका सोमवारी बाबांनी गाडी सुरू केली आणि स्क्रीनकडे बघतच राहिले. आकडा सहा हजारांच्या पुढे असायला हवा होता. स्क्रीन नऊशे दाखवत होती. आधी त्यांनी स्क्रीनला शिव्या घातल्या. नवं ऑइल आणि निळा फिल्टर आणून ठेवलेलाच होता, तेव्हा आत्ताच काय ते बघतो म्हणून ते फ्लेक्स अंथरून गाडीखाली गेले. बराच वेळ खालून काही आवाज येईना. बाबा आणि आवाज नाही, म्हणून मीच घाबरले.

ते बाहेर आले तेव्हा चेहरा उतरला होता. त्यांनी बसवलेला फिल्टर निळा होता. तिथे आता कोराकरकरीत पांढरा फिल्टर होता.

"गॅरेजला नेली," ते म्हणाले. "माझ्या हातावर भरवसा नाय म्हनून त्यानं गाडी हायवेच्या गॅरेजला नेली."

रागावलेले बाबा मी रोज बघते. पण त्या दिवशी त्यांना लागलं होतं. ज्या हाताच्या जिवावर हा माणूस मान ताठ ठेवून चालतो, तो हात सख्ख्या भावानेच मोडीत काढला, असं त्यांनी धरलं. जेवायच्या आतच त्यांनी ठरवून टाकलं, की गाडी विकायची आणि ज्याचे त्याला देऊन मोकळं व्हायचं. मला एवढं कळत होतं, की गाडी गेली की दोघांमध्ये फिरणारी किल्लीही गेली, आणि मग काकाचं पाऊल काही माझ्या मांडवात पडत नाही.

त्या रविवारी गिऱ्हाईक आलं. खारघरचे चारुदत्त, नेऱ्यात फार्महाउस असलेले, आमच्याकडूनच झाडं नेणारे, भला माणूस. कागदांवर दोघांची नावं म्हणून काकालाही खाली यावं लागलं. तो अंगणाच्या एका टोकाला बसला, बाबा दुसऱ्या टोकाला, आणि चहाचा कप हातात घेऊन चारुदत्त मधोमध.

"शेठ, सर्व्हिसिंग कुठे करता?" त्यांनी विचारलं.

"इथं. ह्या हातानं."

चारुदत्तांनी किल्ली फिरवून स्क्रीन बघितली. "वा, म्हणजे आत्ताच ऑइल बदललंय तुम्ही."

"ते मी नाय केलेलं," बाबा आंब्याच्या कलमाकडे बघत म्हणाले. "ते गॅरेजवाल्याचं काम. ज्यानं नेली त्याला इचारा."

काका उठून उभा राहिला. तो बोलला तेही चारुदत्तांशीच. "साहेब, त्यांना सांगा, गाडी कुटल्याबी गॅरेजला गेली नाय. मी केलंय. माझ्या गोडाऊनवर. दर येळी मधे पाच हजाराला मी एकदा बदलतो. आकडा तसाच ठेवायचो. या येळी चुकून हात बटनावर गेला. आनि निळा फिल्टर दुकानात नव्हता."

चारुदत्त कप धरून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती.

"त्यांना इचारा," बाबा म्हणाले, "पुस्तकात दहा हजार लिवलेलं असताना पाच हजाराला कशापायी?"

"त्यांना म्हनावं, पुस्तकातलं पुढचं पान वाचा. गाडी भरून, धुळीतनं, जवळजवळच्या खेपा मारत असंल तर निम्म्यात बदला, असं लिवलंय."

मी आत जाऊन पुस्तक आणलं. तसंच लिहिलं होतं. बाबा ज्या पानावर "बास, कळलं" म्हणून उठले होते, त्याच्या पुढच्याच पानावर. बाबांनी त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. घमेल्यात गाळ का राहत नव्हता, ते त्यांना आता कळलं असावं. गुण दुसऱ्याच हाताचा होता.

मग चारुदत्त मधे आहेत हे ते विसरलेच. सरळ काकाकडे बघून म्हणाले, "मग मला सांगितलं का नायस?"

वर्षभरानंतर काका भावाशी बोलला. "सांगितलं असतं तर तू परत खोलला असतास."

"खोललाच असता!" बाबा म्हणाले. "आताबी खोलनार हाय. पन मी नाय, तू खोल. माझ्यासमोर."

काकाने शर्ट काढून खुंटीला लावला आणि गाडीखाली गेला. पत्रा निघाला, बोल्ट निघाला, ऑइल घमेल्यात पडलं. मग फिल्टर निघाला. काकाचा हात खालून बाहेर आला, त्यात फिल्टर, आणि फिल्टरला रिंग धड चिकटलेली. तेवढ्यावर भागलं असतं. पण काकाने इंजिनाच्या त्या गोल जागेवर बोट फिरवलं, फडक्याने पुसलं, परत बोट फिरवलं, आणि मग आणखी एकदा. मी वाकून बघत होते. हा माणूस इतके दिवस त्या गोडाऊनमध्ये एकटा, कुणी बघायला नसताना, एका रिंगेसाठी असं बोट फिरवत होता.

"दादा, पाना दे," खालून आवाज आला.

बाबांनी आयुष्यात पाने मागितलेत, दिलेला कुणाला नाही. त्यांनी गडबडीत हाताला लागला तो दिला.

"हा नाय. सतरा नंबर."

बाबांनी सतरा नंबर शोधून दिला. मग फडकं दिलं, वायसर दिला, आणून ठेवलेला निळा फिल्टर दिला, आणि एकदाही "नीट पीळ" म्हणाले नाहीत. ऑइल भरून झाल्यावर पट्टी मात्र स्वतः ओढली. पुसली, परत घातली, उन्हाकडे धरून बघितली. ऑइल दोन खुणांच्या मधे, जिथे हवं तिथे होतं.

"साहेब," बाबा चारुदत्तांना म्हणाले, "चहा घ्या, मोगऱ्याचं एक रोप न्या आमच्याकडनं, आनि माफी करा. गाडी विकायची नाय. दोन मिस्त्री असलेली गाडी कोन विकतो?"

चारुदत्त मनापासून हसले. मीही सुटकेचा श्वास टाकणार होते, पण काका नळावर हात धूत होता तो तसाच वळला.

"गाडीचं झालं, दादा," तो म्हणाला. "तू मला माईकवर बोललायस."

बोललेलं मागे घेणं हे बाबांच्या बापजन्मात झालेलं नाही, आणि माझा मांडव आता तेवढ्यावरच अडला होता. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग ते गाडीत चढले. गल्लोगल्ली रोपं विकायला जातो म्हणून आमच्या पिकअपच्या टपावर भोंगा आहे. बाबांनी त्याचा माईक काढला, खरखर झाली, आणि आख्ख्या आळीवर त्यांचा आवाज घुमला.

"ऐका हो! मी काशीराम बोलतोय! परेशच्या हळदीला माझ्या भावाच्या हाताबद्दल मी वाकडं बोललो. ते चुकीचं होतं. चूक माझी. गाडीला भगवानचा हात माझ्यापरीस चांगला हाय, आनि माझ्या समीक्षाचा मांडव त्यानंच घालायचा!"

समोरच्या सखूबाई हातातलं सूप घेऊन ओट्यावर आल्या. वर काकी कठड्याशी धावली. मी उभी राहून लहान पोरीसारखी रडत होते. आणि बाबा एकदा सुरू झाले म्हटल्यावर थांबतात कशाला!

"असा हात नेऱ्यात नाय! पनवेल तालुक्यात नाय! आख्ख्या रायगड जिल्ह्यात..."

काका ओल्या हातानेच गाडीच्या खिडकीशी गेला.

"दादा, बास," तो म्हणाला. "जास्त आवळलंस तर आटे जातील."

माईक चालूच होता, त्यामुळे तेही सगळ्या आळीने ऐकलं.